उमरची हुडहुडी थांबली तेव्हा

अल कुसैस, दुबई, १२ जानेवारी

प्रिय अस्मी,

कॅनडातल्या युकॉनच्या सर्व्हे टीमची तू लीड झालीस, हे आईने अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालंय. काल फोनवर तू सहज म्हणालीस, "आय डोन्ट ईव्हन फील द कोल्ड एनिमोअर, बाबा." त्यानंतर मी तीनदा फोन करून हातमोजे कोरडे आहेत का विचारत बसलो. तू वैतागलीस. मी असं का केलं ते सांगतो.

उमर तुला आठवत असेल. माझा टेक्निशियन, पेशावरचा, तुला अक्रोड आणून देणारा. सहा वर्षांपूर्वी, जानेवारीतच, आम्ही दोघं जेबेल जैसच्या डोंगरावर हवामान-टॉवरचा सेन्सर बदलायला गेलो. खाली रास अल खैमात लोक टी-शर्टात फिरत होते. वर धुकं, बारीक पाऊस आणि झोंबरा वारा. आमची सुती जॅकेटं तासाभरात भिजून अंगाला चिकटली. बदलायला कोरडे कपडे नव्हते. अमिरातीत थंडीने माणूस जातो, हे डोक्यातच आलं नाही.

उमरचे दात वाजत होते. दुपारी तो आवाज थांबला. मला बरंच वाटलं. मग तो पश्तोत कुणाशीतरी हळू, लाडाने बोलू लागला. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. "साब, बहुत गर्मी है," तो हसून म्हणाला. मी टॉवरच्या पेटीत डोकं घालून वायरी जोडत होतो. नुसतं हं म्हणालो.

वर पाहिलं तर तो नव्हता. आणि अस्मी, मलाही ऊब वाटत होती. धुक्यात पिवळा उजेड दिसला, आणि कित्येक वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या आईची हाक आली, "विशू, आत ये." मी निघालोही. चार पावलांवर उमरच्या बुटांना अडखळलो. ते जोडीने ठेवलेले, शेजारी जॅकेटची नीट घडी. पुढे सरळ कडा होता. उजेडबिजेड काही नव्हतं. उमर बाजूच्या दगडाला टेकून उघड्या अंगाने बसला होता, चेहरा हसरा. रेस्क्यूवाले पोचेपर्यंत खलास. गारठा हाताबाहेर गेला की हुडहुडी थांबते, उलट गरम वाटतं आणि माणूस कपडे काढतो, हे मला त्यांनीच सांगितलं.

जॅकेट त्याने स्वतःच काढलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याच्या बायकोला, ताजबीलाही. ते खरं आहे. पण त्याआधी, दात वाजत असताना, तो म्हणाला होता, "साब, नीचे चलते हैं." मी म्हणालो, "यल्ला, दस मिनट और." त्यानंतर दोन तास आम्ही तिथेच होतो. शुक्रवारी ताजबीला फोन करून हे सांगणार आहे. तुला आधी लिहितोय, कारण आता टीमने परत फिरायचं की नाही ते तू ठरवणार. कुणी चला म्हणालं, की कामाकडे बघू नकोस. निघ.

तुझाच,
बाबा