बेरीज सात

२ फेब्रुवारी, सोमवार

नववीला आज दोन चलांतली रेषीय समीकरणं सुरू केली. फळ्यावर लिहिलं — x + y = ७. विचारलं, किती उकली? "एक, सर!" अरे, एक कशी? x ला हवी ती किंमत द्या, y मिळतोच! जोड्या लिहून घेतल्या. (०, ७), (१, ६), (२, ५)... तिथे खडू थांबला. वर्ग वाट बघत राहिला.

फळ्यावर सातच का लिहिलं कोण जाणे. छे, मला चांगलं माहीत आहे. आठवड्याचे दिवस सात. ठमी दोन दिवस माझ्याकडे, पाच दिवस तिच्या आईकडे. दोन वर्षं झाली वेगळं होऊन.

४ फेब्रुवारी, बुधवार

चहा झाल्यावर दोन कप विसळले. वापरला एकच होता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशक बाईंकडे दोघांना बोलावलं होतं. ठमीची आई समोरच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून. बाई म्हणाल्या, "मुलगी चौदाची झाली. तिलाच विचारा. तिला काय हवंय ते लिहून घ्या आणि वीस तारखेला सह्या करा. मग ती अठराची होईपर्यंत तेच." आम्ही दोघं एकदमच "हो" म्हणालो. कित्येक वर्षांनी एकमत झालं, तेही सह्या करण्यावर!

मला तीन हवेत. शनिवार-रविवार आहेतच, त्यांत शुक्रवार. फार नाही मागत. पण हे ठमीला सांगायचं नाही. तिची ओढाताण करायची नाही, असं ठरलंय. तोंडाला कुलूप.

७ फेब्रुवारी, शनिवार

ठमी आली. दहा मिनिटांत घरभर पसारा! पलंगावर ओला टॉवेल, एक मोजा दारात, दुसरा बेपत्ता. मी काही आवरलं नाही. असू दे सोमवारपर्यंत.

तिलाही शाळेत हाच धडा चालू आहे. उदाहरणं सोडवली झरझर, पण "मानू" लिहिलंच नाही. x म्हणजे काय ते आधी सांगायला नको? अर्धा गुण कापला. "बाबा, तू ना, वाढदिवसाच्या कार्डावरचं शुद्धलेखनसुद्धा तपासतोस!" तपासतो. चूक ती चूक.

बाईंचा निरोप सांगितला. जरा विचार करून म्हणाली, "समीकरणात लिहून दिलं तर चालेल? आईला पण तसंच देते."

८ फेब्रुवारी, रविवार

पाच वाजता गेली. जाताना वही पुढे केली. "मानू, x = बाबांकडचे दिवस, y = आईकडचे दिवस." शाब्बास! खाली एकच जोडी — (३, ५).

तीन! पुन्हा वाचलं. मग बेरीज केली. आठ.

लाल पेन खिशात असतंच. फुली मारली. शेजारी लिहिलं — "समीकरणाचे समाधान होत नाही. पुन्हा सोडव."

ठमी त्या फुलीकडे बघतच राहिली. "बाबा, पण —"

"पण-बिण काही नाही. आठवड्याचे दिवस किती?"

"सात," म्हणाली. खाली तिच्या आईने हॉर्न दिला. वही दप्तरात कोंबली आणि गेली. नेहमी जिन्याच्या वळणावरून हात करते. आज नाही केला.

आता दुरुस्त करताना काय करेल? पाचाचे चार, की तिनाचे दोन?

११ फेब्रुवारी, बुधवार

मधल्या सुट्टीत कागदावर आठही जोड्या मांडून बसलो. (३, ४)भोवती गोल केला. भूगोलवाल्या मास्तरांनी डोकावून पाहिलं. "काय हो, पेपर काढताय?" हो म्हणालो. ते गेल्यावर गोल खोडला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वही आणली. (२, ५). समास आखलेला, अक्षर सुवाच्य. खाली ताळासुद्धा : २ + ५ = ७.

"आता बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

खूण केली. दहापैकी दहा दिले. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. बाहेर आलो तर ठमी टॉवेल नीट घडी घालून ठेवत होती. मोजेही जागेवर. एवढी शहाणी कधीपासून झाली? मला ते मुळीच आवडलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

गेली. आवरायला काही नव्हतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज कोणाशी बोललो नाही. पाच तास शिकवलं, पण ते काही बोलणं नव्हे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सहीसाठी निळं पेन काढून ठेवलं. दोन तर दोन. तिनेच लिहिलंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी ठमीच्या आईचा फोन. "तुला तिने आधी तीन-पाच लिहून दिलं होतं?"

हो म्हणालो. बेरीज चुकली होती तिची.

"चुकली नव्हती रे. मलाही तेच दिलं होतं. मी विचारलं, आठ कसे? तर म्हणाली, रविवार दोघांत धरलाय. रविवारी तिघांनी एकत्र जेवायचं. मी म्हटलं, बाबांना विचार. काल पुन्हा विषय काढला, तर म्हणते, राहू दे आई, बाबांनी फुली मारली."

खिशातलं लाल पेन काढून टेबलावर ठेवलं.

मग तिनेच विचारलं, "उद्या बेरीज किती लिहायची?"

आठ, म्हणालो.