राज्यशास्त्राचा भाव

१४ जुलै, सोमवार

पुन्हा तेच! जेवताना बाबांनी विचारलं — एमए झालं, आता प्राध्यापकीच्या नेट परीक्षेच्या क्लाससाठी इंदौरला पैसे लावायचे म्हणतेस, तर लावू. पण भाव काय येईल ते सांग. केळीचं विचारतात तसंच! पाच वर्षं राज्यशास्त्र शिकले आणि या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

धाकट्या रितेशचं बरं आहे. ड्रिपचा डिप्लोमा केला, आता आमच्या फोपनार गावात कुणाची नळी तुंबली की आधी त्यालाच फोन. आईनं माझी बाजू घेतली, पण कशी — लग्नाच्या बायोडाटात एमए शोभून दिसतं म्हणे! राखीपर्यंत ठरवायचं आहे, इंदौर की बायोडाटा. जेवण गेलंच नाही.

१६ जुलै

बुऱ्हानपुरात एका शाळेत विचारून आले. बीएड नाही तर नोकरी नाही. वर तिथले सर हसत विचारतात, राजनीति में जाना है क्या? हो म्हणायला हवं होतं.

१८ जुलै

रितेशला ताप, म्हणून केळीच्या गाडीसोबत मी गेले. मंडीच्या फाटकातच बाबांनी बजावलं, "गाडीतच बस. खाली नको उतरू." आमच्याकडे बाया तण निंदायला चालतात, खत घालायला चालतात. लिलावात नाही.

काचेतून बघत बसले. आमच्या गाडीवर तुषारशेठची बोली लागली, सतराशे रुपये क्विंटल. भावाची पर्ची झाली. मग माल उतरवायच्या जागी शेठ म्हणाले, माल पतला आहे, केळी बारीक आहे, पंधराशे देतो. बाबांनी नुसती मान हलवली. सगळेच हलवतात. कापलेली केळी परत नेऊन करायचं काय? आणि पुढच्या खेपेलाही याच माणसापुढे गाडी लावायची असते.

आणि मी उतरले! कशी उतरले, मलाच कळलं नाही. शेठना म्हटलं, "बोली भी आपकी और फैसला भी आपका? माल हलका है तो मंडी के बाबू को बुलाओ, वो देख के बोलेंगे." बाबू आले, घड बघितले, माल चांगला आहे म्हणाले. पूर्ण सतराशे मिळाले.

बोली लावणारानंच निवाडा करायचा नाही — सत्तेचं विभाजन! याच पेपरात मला अठ्ठेचाळीस मार्क पडले होते.

मला वाटलं होतं, परत येताना बाबा पाठ थोपटतील. वेडीच आहे मी.

२१ जुलै

आमच्या गाडीवर बोलीच लागली नाही. पुढच्या गाडीवर लागली, मागच्या गाडीवर लागली, आमच्यापाशी आले की सगळे व्यापारी मोबाईलमध्ये बघायचे. बाबा एकटेच गेले होते. दुपारपर्यंत उभे राहिले आणि शेवटी एका चिप्सवाल्याला नऊशेनं माल देऊन आले.

घरी येऊन हातपाय धुतले आणि मला म्हणाले, "भेटला पाह्य तुह्या डिग्रीचा भाव."

लागलं. फार लागलं. कारण खरं होतं. आई त्यांच्यावर चिडली, रितेशनं चक्क मला पाणी आणून दिलं — त्यापेक्षा टोमणा मारता तर बरं वाटलं असतं. बायोडाटासाठी फोटो काढून घेते, असं आईला सांगून टाकलं.

२२ जुलै

देवरामकाका आले होते, आमच्या बांधाला बांध आहे त्यांचा. त्यांच्या मालाचेही काल असेच दोनशे कापले. बाबांशी कितीतरी वेळ बोलत होते. मी चहा घेऊन गेले तर दोघांनी पावसाचा विषय काढला.

फोटो काढायला गेले नाही. उद्या जाईन.

२३ जुलै

ओसरीवर कोण यावं — तुषारशेठचे मुनीम, उखर्डूभाऊ! शेठनं निरोप धाडला आहे. गद्दीवर, म्हणजे त्यांच्या पेढीवर, शिकलेलं माणूस पाहिजे, कास्तकारांशी नीट बोलणारं, मंडीचे नियम समजणारं. महिना पंचवीस हजार. आणि हो, बाबांच्या गाडीवर पुन्हा बोली लागेल, तेही बघू म्हणाले.

पंचवीस हजार! खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शिक्षणाला आकडा लावला. आई तर देवापुढे साखर ठेवून आली. बाबा मात्र मुनीमजींना पाणी देऊन, उद्या सांगतो म्हणाले आणि मळ्यात निघून गेले.

दिवसभर घरात येरझारा घालतेय. काम काय असेल ते कळतंय मला. देवरामकाका उतरवायच्या जागी उभे राहतील आणि माल पतला कसा आहे, हे त्यांना मी समजावून सांगायचं. गोड बोलून, नियम दाखवून.

पण पंचवीस हजार!

२४ जुलै

गाडीत बसून लिहितेय, अक्षर हलतंय. सकाळी बाबांना सांगायला गेले की मी गद्दीवर बसणार नाही. ते घड भरत होते. ऐकलं, हातातला घड नीट ठेवला आणि गाडीत बस म्हणाले. आमच्या गाडीमागे देवरामकाकांची गाडी उभी होती, तिच्यामागे गावातल्याच लोटूदादाची, मागे अजून दोन.

आता मंडीचं फाटक आलं. बाबांनी माझ्या बाजूचं दार आतून उघडलं.

"उतर," म्हणाले. "आज सगळ्यांच्या मालाचं तू बोल."