मौनात उतरलेलं छप्पर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि पोरांचे अभ्यास यांपैकी जे सुधारण्यासारखं असेल ते सुधारलं असेलच. मी मजेत आहे (पत्राच्या सुरुवातीला असंच लिहायचं असतं).

तुझ्या टेकडीवरच्या रिकाम्या घरात एकांत आणि निसर्ग यांवर पुस्तक लिहायला आलो, त्याला आता तीन ऋतू झाले. वसंतात एका झाडाला मिठी मारून विश्वाशी एकरूप झालो. विश्वात लाल मुंग्याही येतात हे नंतर कळलं (पहिलं प्रकरण उभ्यानं लिहिलं आहे). उन्हाळ्यात ओढ्याकाठी ध्यानाला बसलो. डोळे उघडले तर एक शेळी माझा टॉवेल चघळत होती. तिच्या चेहऱ्यावरची शांती मला अजून साधलेली नाही. आता हिवाळ्याचं प्रकरण तेवढं उरलंय. ते महिनाअखेर पोचलं नाही तर पुस्तक रद्द, असं संपादकांनी बजावलंय.

याच प्रकरणाच्या तयारीला म्हणून पाऊस सरता सरता मी मौन धरलं होतं. नेमका त्याच सकाळी तू पाठवलेला कौलं शाकारणारा हजर! (तुझं चुकलं असं म्हणत नाही, नुसतं लिहितोय.) "साहेब, कुठं गळतंय?" मी डोळे मिटून आकाशाकडे बोट केलं, म्हणजे सगळं वरच्याला ठाऊक. "म्हणजे सगळंच काढू?" मी प्रसन्न हसलो. संध्याकाळी ध्यानातून उठलो तेव्हा घराला छप्पर नव्हतं.

मौन तिथल्या तिथे मोडलं, ताई, आणि असं मोडलं की झाडावरचे पक्षी उडाले. पण तोवर गड्यावर परिणाम झाला होता. "काय तेज होतं हो तुमच्या तोंडावर! आजपासून मीपण बोलणार नाही," म्हणाला आणि जो गप्प झाला तो अजून गप्पच आहे. मौनात काम करायचं नसतं, हेही त्यानं माझ्याकडूनच उचललं. कौलं अंगणात रचलेली, तो कौलांवर बसलेला, मी पायरीवर. थंडी सुरू झालीय, पांघरुणावर दव पडतं. "कधी चढवणार?" विचारलं की आकाशाकडे बोट करतो आणि हुबेहूब माझ्यासारखा हसतो. समोर दिवसभर कुणी असं हसत बसल्यावर एकांतावर काय लिहिणार, कपाळ?

बाकी सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, लहानांना पाठीत एकेक धपाटा.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण म्हणजे, रविवारी ये. तुझ्यापुढे कुणाचं मौन टिकलेलं मी पाहिलेलं नाही (भाऊजींचं मौन वेगळं, ते तुझ्यामुळेच आहे).

ता. क. दुसरा : पाकिटासाठी डिंक आणायला आत गेलो, तेवढ्यात त्यानं वरची ओळ वाचली आणि तोंड उघडलं, "ताई येणार? अहो, आधी नाही का सांगायचं!" आता तो शिडीवर आहे. तेव्हा येऊ नकोस. फक्त येत नाहीस हे त्याला कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा : छप्पर झालं. पण साठलेलं सगळं बोलून टाकल्याशिवाय तो खाली उतरत नाहीये. प्रकरणाची एक ओळ होत नाही. ये बाई तू.