दोन चाकांची खीळ

श्री

लालबाग, मुंबई
श्रावण वद्य पंचमी, शके १८१७

लवूभावोजींच्या पायांवर तुळशीदासाचं डोकं. आम्ही इथे सुखात आहोत, तुम्ही आणि आक्का गावी सुखात असाल असं धरून चालतो. नुसतं धरून चालणं बरं नाही, पण चार पत्रांत तुमचं एकही उत्तर नाही, तेव्हा दुसरं काय करणार?

हे पत्र नेहमीप्रमाणे रमाकांत मास्तर वाचून दाखवत असतील. मास्तर, अक्षर अजून वाईटच आहे. चौथीत तुम्ही हातावर छड्या मारल्यात त्या फुकट गेल्या, त्याबद्दल माफी असावी.

मंजुळा बरी आहे. पोरगी भिंत धरून चालायला लागली. उंबऱ्यापर्यंत जाते, तिथे बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं धोतर ओढते. खोली तुमचीच आहे, आम्ही नुसते राहतो. वरळीची कोळीण अजून सुकट घेऊन दारात येते, आधी आक्काची चौकशी करते आणि मग मला मूठभर कमी घालते. तुम्ही होतात तेव्हा ती वर मूठभर जास्त घालायची, हे मंजुळा मला रोज ऐकवते.

चैत्रापासून शेठने मला मिस्त्री केलं. मागच्या पत्रात लिहायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मुद्दाम लिहिलं नाही.

आता कामाचं बोलतो. आपलं वाफेचं इंजिन गेल्या वर्षीच्या आषाढापासून पत्र्याच्या शेडमध्ये उभं आहे. मोडलेला मागचा आस आम्ही दोनदा जोडून पाहिला, ओझं लावलं की पुन्हा तडकतो. शेवटी शेठने विलायतेहून नवा आस मागवायचं ठरवलं. तिकडच्या कारखान्याचं चित्रांचं पुस्तक आलंय, त्यात तीन प्रकार दाखवलेत.

पहिल्यात दोन चाकं जखडणारी खीळच नाही. दोन्ही चाकं मधल्या दातेरी चक्रावर आपापली फिरतात. मास्तर, तुम्हाला समजावं म्हणून लिहितो. जोडी वळते तेव्हा आतला बैल जागच्या जागी पाय हलवतो आणि बाहेरचा भराभर चालतो ना, तसं चाकांचंही असावं लागतं, नाहीतर इंजिन वळत नाही. पण एक चाक चिखलात रुतलं की वाफेचा सगळा जोर त्याच चाकात जातो. ते गरगरा फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं चाक स्वस्थ उभं राहतं.

दुसरा प्रकार आपलाच जुना. रुतलं की खाली उतरायचं, हातोड्याने खीळ ठोकायची, दोन्ही चाकं एकमेकांना जखडायची. बाहेर निघालं की पुन्हा उतरून खीळ काढायची. तिसरा प्रकार नवीन आहे. त्यात खीळ आहे, पण ती ड्रायव्हरच्या बसायच्या जागेवरूनच दांड्याने आत-बाहेर होते. दांडा पुढे असला की चाकं जखडलेली, मागे असला की मोकळी. कोणाला विचारायला नको.

शेठचं मन पहिल्या प्रकाराकडे आहे. ते म्हणतात, खीळ असली की ती विसरणारा माणूसही असतो. हे बोलताना त्यांनी तुमचं नाव घेतलं. मी पुस्तकातल्या चित्राकडे बघत राहिलो.

दसऱ्यापर्यंत माझं मत द्यायचंय. त्या इंजिनाला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही, तेव्हा तुम्ही सांगाल तेच मी शेठना सांगेन.

आपला आगवाला दौलत गावी जाऊन आला. तो म्हणाला, यंदाच्या शिमग्यात पालखीच्या पुढच्या दांडीला तुमचा खांदा नव्हता. पंचांनी तो मान तुमच्या चुलतभावाला दिला, कारण ज्याने मुंबईत नशेत इंजिन दुकानावर घातलं त्याच्या खांद्यावर देव कसा द्यायचा. आणि आक्काने म्हणे तुम्हाला देवीसमोर उभं करून दारू न पिण्याची शपथ घ्यायला लावली, आणि तुम्ही ती मुकाट घेतलीत. दौलत हसत सांगत होता. मी विषय बदलला. इथेही बदलतो.

पायाची सूज उतरली का? शेकत चला. उत्तर द्या, दोन ओळी चालतील.

तुमचा
तुळशीदास


श्री

लालबाग, मुंबई
आश्विन शुद्ध एकादशी, शके १८१७

भावोजी, तुम्हाला आणि आक्काला नमस्कार. दसऱ्याचं सोनं मनातल्या मनात कालच दिलं. पोरगी आता भिंत सोडून चालते.

तुमचं पत्र दसऱ्याआधी चार दिवस हातात पडलं. मास्तरांच्या वळणदार अक्षरात दोनच ओळी होत्या. “खिळीची भानगडच नको. बिनखिळीचा आस मागव. इंजिन सुखात राहील आणि तूही.”

मी ते गॅलरीत उभं राहून वाचलं, मग खाली नळावर गेलो आणि तिथे पुन्हा वाचलं. मंजुळाने विचारलं, घरची मंडळी बरी आहेत ना. मी बरी आहेत म्हटलं.

भावोजी, हे मत तुमचं नव्हे. खीळ नसलेलं इंजिन म्हणजे वरातीची गाडी, असं तुम्हीच शिकवलंत मला. पावसाळ्यात दादरकडच्या शेतांमधून दगडाच्या गाड्या तुम्ही ओढून काढल्यात, त्या खिळीच्याच जोरावर. बिनखिळीचा आस पहिल्याच आषाढात चिखलात मान टाकेल, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तरी तुम्ही तसं लिहिलंत. का, ते मला नळावर कळलं. खीळच नसली की ती कोणी विसरली हे पुन्हा कोणी विचारणार नाही. इंजिनावर तुमचा जीव आहे, आणि माझ्यासाठी तुम्ही त्या इंजिनाचंही वाईट होऊ द्यायला तयार झालात.

रमाकांत मास्तर, आता इथे थांबा. पुढचं घरात वाचू नका. देवळाच्या मंडपात पंच बसतील तेव्हा मोठ्याने वाचा. आक्काला पुढे बसवा. भावोजी पत्र घडी करून ठेवा म्हणतील. त्यांचं ऐकू नका.

मंडळी, गेल्या वर्षी आषाढात आम्ही बंदरावरून परळच्या एका गिरणीचा बॉयलर ओढून आणत होतो. इंजिनावर लवूभावोजी, आगीपाशी दौलत आणि खाली चाकांपाशी मी. चिंचपोकळीच्या पुढे डावं चाक रुतलं. मी उतरलो, खीळ ठोकली, दोन्ही चाकं जखडली आणि इंजिन बाहेर आलं. सकाळपासून अडकलेलं ओझं सुटलं म्हणून बरोबरच्या गड्यांना भरून आलं. रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला देव होता, त्याच्यापुढे त्यांनी नारळ काढला. गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराण्याकडे, हे त्यांतल्या सगळ्यांना ठाऊक. मी खीळ काढायला हातोडा उचलला होता. त्यांनी हाक मारली, तुळशीदासा, आधी गाऱ्हाणं घाल.

मी हातोडा चाकाशी टेकवून गेलो. गाऱ्हाणं छान झालं. गिरणीपर्यंत ओझं सुखरूप जाऊ दे, सगळ्यांच्या बायकापोरांना सांभाळ, असं मी मागत होतो आणि गडी ‘होय म्हाराजा’ म्हणत होते. खोबरं खाल्लं, हातोडा उचलला आणि वर चढलो. खीळ तशीच राहिली.

लालबागच्या वळणाआधी भावोजींनी मला विचारलं. नेहमी विचारायचे, त्या दिवशीही विचारलं. “खीळ काढलंस मां रे?”

“काढलंय,” मी म्हटलं.

मी वाकून पाहिलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की काढली. पण वाटणं म्हणजे पाहणं नव्हे, आणि वर बसलेल्या माणसाला माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यांनी वळण घेतलं. चाकं जखडलेली, इंजिन वळेना. ते सरळ गेलं आणि चण्या-कुरमुऱ्यांच्या दुकानाच्या ओट्यावर चढलं. आस मोडला. भावोजींचा पाय दाबला गेला. बाकी कोणाला काही झालं नाही, देवाने तेवढं गाऱ्हाणं ऐकलं.

शेठ आले. खीळ आतच दिसत होती. कोणाचं काम, असं त्यांनी विचारलं. भावोजी फुटलेल्या ओट्यावर पाय धरून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंजुळाला तेव्हा सहावा लागला होता. भावोजी म्हणाले, “माझ्याच ध्यानातून गेली.” मी तिथे उभा होतो आणि मी तोंड उघडलं नाही. नंतर गर्दीतलं कोणीतरी म्हणालं की ड्रायव्हर प्यालेला असणार, आणि तेच गावापर्यंत पोचलं. त्या दिवशी त्यांनी चहाखेरीज काही घेतलं नव्हतं.

आक्का, तू त्यांना शपथ घ्यायला लावलीस. ती खरं तर मी घ्यायला हवी होती, दारूची नाही, खरं बोलायची. मी तुझा भाऊ म्हणून त्यांनी तुझेही बोल ऐकून घेतले. त्यांना आता काही बोलू नकोस. मला बोल, हवं तितकं बोल.

आता शेठकडे काय झालं ते लिहितो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पुस्तक घेऊन गेलो. त्यांनी पहिल्या प्रकारावर आधीच खूण करून ठेवली होती. मी म्हटलं, तिसरा मागवा, दांड्याचा. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं की खीळ हवीच, पण ती वर बसलेल्याच्या हातात हवी, कारण खाली ती आहे की नाही हे त्याला दिसत नाही, खालचा माणूस सांगेल त्यावर तो चालतो.

शेठने चष्मा काढला. “त्या दिवशी खाली कोण होतं?”

“मी होतो. त्यांनी मला विचारलं होतं, मी काढली म्हटलं होतं.”

त्यांनी पुस्तक बाजूला सारलं. मग मला जे बोलले ते लिहीत नाही, पंचांसमोर वाचण्यासारखं नाही. मिस्त्रीपण गेलं. कारखान्यातून काढलं नाही एवढंच, कारण नवा आस बसवायला हात लागणार. पण मी निघताना त्यांनी तिसऱ्या प्रकारावर खूण केली आणि कारकुनाला बोलावून तुमच्या नावचं पत्र सांगितलं. ते सोबत पाठवतोय. ड्रायव्हर म्हणून तुम्हाला परत बोलावलंय, जुन्या जागेवर. पत्राखाली त्यांची स्वतःची सही आहे, मास्तरांनी सगळ्यांना दाखवावी.

घरी येऊन मंजुळाला सगळं सांगितलं. ती पोरीला भात भरवत होती. भरवून झाल्यावर म्हणाली, “आता तरी वन्संसमोर मान वर करून उभे राहाल.” मग मला वाढलं. भावोजी, इतकी भूक मला वर्षभरात लागली नव्हती. तीनदा भात मागितला. आज सकाळपासून मी पुन्हा चाकांखाली, ग्रीस आणि हातोडा घेऊन. तुम्हाला खोटं वाटेल, पण बरं वाटतंय. गडी चेष्टा करतात, मिस्त्री खाली उतरला म्हणून, आणि मीही हसतो. शेजारची खोली मार्गशीर्षात रिकामी होतेय, आम्ही तिकडे जाऊ. तुमची तुम्हाला.

आस बोटीने यायला, तपासून बसवायला फाल्गुन उजाडणार. तोवर घाई करू नका. पंच काय ठरवतील ते ठरवोत, पण हे ऐकल्यावर पालखीच्या पुढच्या दांडीला दुसऱ्याचा खांदा ते लावतील असं मला वाटत नाही. शिमगा मानाने उरकून, आक्काला घेऊन मगच या. मी धक्क्यावर येईन. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल, तुम्ही कधी बोलता?

नव्या आसात खिळीचा दांडा तुमच्या हाताशी असेल, तेव्हा कोणाला विचारायचं कारण उरणार नाही. तरीसुद्धा वळणाआधी मला विचारत जा. मी खाली उतरेन, वाकून डोळ्यांनी पाहीन आणि मगच उत्तर देईन.

ज्याच्यासाठी तुम्ही वर्षभर गप्प बसलात तो,
तुमचा मेहुणा
तुळशीदास