दोन डावी रबरं

मी, मुकुंद गजानन टिल्लू, वय अठ्ठावन्न, मूळ राहणार सांगली, गेली एकतीस वर्षे राहणार बर्मिंगहॅम, काम ग्रंथालयात संस्कृत पोथ्यांची सूची करणे, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. पुरावा म्हणून एक तक्रार नोंदवतो. जुन्या मोटारसायकलच्या टाकीला, चालवणाऱ्याचे गुडघे टेकावेत म्हणून, दोन बाजूंना दोन रबरे असतात. ती मी लुधियान्याहून मागवली. समुद्र ओलांडून आली ती दोन्ही डावी. या गोष्टीचा ज्याला अजून संताप येतो, त्याला भ्रमिष्ट म्हणता येणार नाही.

विक्रेते घुमानसाहेब फोनवर म्हणाले, "टिल्लूजी, एक उलटं लावा की! उजवं होतं." मी लावून पाहिले. होत नाही.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. नवी झडप परदेशातून येते असे कळले, तेव्हा मी सर्जनबाईंना विचारले, "नीट बसते ना? की कानस मारावी लागते?" त्या हसल्या. मी हसलो नाही. बाहेरून आलेल्या सुट्या भागांचा मला अनुभव आहे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या दिवंगत पत्नीची, गेनरची, भाची टॅमसिन हिला द्यावी. वरच्या मजल्यावरच्या नळाला डावीकडे पिळल्यावर थोडे थांबावे लागते. हे तिला सांगावे. ती थांबत नाही.

२. माझी पुस्तके ग्रंथालयाला. मोठा कोश मात्र टॅमसिनने स्वतः उचलावा, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नये.

३. सुट्या भागांच्या बाजारात हिरव्या टोपीच्या ज्या गृहस्थाने मला दिव्याची कडी 'कारखान्यातली, अस्सल' म्हणून विकली, त्याला काहीही देऊ नये. कडीच्या आतल्या बाजूला गुरुमुखी अक्षरे होती. मी ती त्याला वाचून दाखवली, तर म्हणाला, "अहो, तो गंज आहे." मी त्याला क्षमा केलेली नाही.

४. मोटारसायकल, १९५९ची, साडेतीनशे सीसी, माझे सासरे क्लेम ट्रँटर, वय शहाऐंशी, यांना परत द्यावी. ती त्यांचीच. याच शहरातल्या कारखान्यात त्यांनी ती जोडली, मग पगारातून स्वतःच विकत घेतली. सतराव्या वर्षी गेनर तिच्यावर शिकली. मी शिकलो नाही. मी मागे बसत असे. लग्नाआधी, लग्नानंतर, पावसात, वेल्सच्या घाटात, मागेच. मला त्या सगळ्या प्रवासांतली तिची पाठ तेवढी नीट आठवते.

गेनर गेल्यावर दोन महिन्यांनी क्लेमनी फोन केला. "पंडित, गाडी गंजतेय. रविवारी ये. भाग तू मागव, बसवतो मी." तेव्हापासून चार वर्षे दर रविवारी सकाळी मी त्यांच्या गॅरेजात असतो. सायलेन्सर आला, चिखलपत्रे आले, ब्रेकचा दांडा आला. प्रत्येक खोके उघडले की क्लेम माझ्याकडे बघतात, जणू मीच ओतून आणले. "भोक कुठे पाडलंय बघ तुझ्या गाववाल्यांनी. तिथे बोल्ट सात जन्मांत पोचायचा नाही." लुधियाना सांगलीपासून किती लांब आहे हे मी सांगणे सोडून दिले आहे. ते कानस चालवतात, मी भाग धरतो. मग चहा आणि अंड्याचा पाव. "डुकराचं नाही घातलंय, घाबरू नकोस."

सगळे अवयव बदलल्यावर अवयवी तोच राहतो का, यावर आमच्या नैयायिकांनी शतकानुशतके डोके शिणवले. मी एकदा क्लेमना तो वाद समजावून सांगितला. ते म्हणाले, "नंबरप्लेट तीच आहे ना? मग गाडी तीच."

५. बिस्किटांच्या निळ्या डब्यात दोन जुनी रबरे आहेत. क्लेमनी १९५९ साली लावलेली. चिरा गेलेली म्हणून काढली. ते म्हणाले, "टाकून दे." मी "टाकली" म्हणालो. दोन्हींवर एकेक गुळगुळीत खळगा आहे, गेनरच्या गुडघ्यांचा. तसा खळगा कोणी नवा करून पाठवत नाही. ही माझ्याबरोबर जळावीत अशी इच्छा होती, पण रबर जाळायला परवानगी नाही असे दहनभूमीच्या कचेरीने सभ्यपणे कळवले. सबब ती गेनरच्या नावाच्या दगडाशेजारी पुरावीत.

६. पाने व कानशी मुळात क्लेमच्याच. परत द्याव्यात, पुसून.

साक्षीदार: श्रीमती ग्लिनिस पार्क्स, शेजारी (म्हणाल्या, "सोमवारी संध्याकाळी हे फाडून टाकायचं, समजलं?"). श्री. ऑस्टिन बेडो, समोरचे घर. दोघांनी माझ्यादेखत व मी त्यांच्यादेखत सही केली.

मु. ग. टिल्लू
हॉल ग्रीन, बर्मिंगहॅम. गुरुवार, १२ ऑक्टोबर २०२३.

सहीच्या खालचे कायदा धरत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून हे इथे लिहितो.

उजवे रबर आले आहे. घुमानसाहेबांनी दीड वर्षापूर्वीच पाठवले. मोठ्या कोशाच्या मागे ठेवले आहे. गाडीला आता एवढेच लावायचे बाकी आहे. ते लागले की काम संपले, आणि काम संपल्यावर रविवारी तिथे काय म्हणून जायचे, ते मला सुचले नाही. दर रविवारी क्लेम विचारतात, "उजवं आलं?" मी म्हणतो, "अजून नाही." ते म्हणतात, "असू दे. घाई कुणाला आहे?"

टॅमसिन, ते त्यांना तू नेऊन दे. पण एकदम देऊ नकोस. आधी काही रविवार नुसतीच जा.

मरणाची मला फारशी भीती नाही. पुढच्या रविवारी क्लेम दोन कप काढून ठेवतील, त्याची आहे.