व्हर्लाताई मिशनला निघते

एफ्रेम, युटा
१८ जानेवारी १९८७

चि. नोरीन हिस व्हर्लाताईचे अ. उ. आ.

तू पाठवलेले साल्मनचे डबे पोचले. थेनने एकट्याने दोन फस्त केले आणि वर मलाच सांगतो की मासा प्रकृतीला चांगला. इथे बर्फ खिडकीच्या कठड्यापर्यंत आलाय. आईचे गुडघे धरलेत, जीभ मात्र ठणठणीत आहे.

मोठी बातमी अशी, की चर्चकडून आमचं धर्मप्रसाराच्या मिशनचं बोलावणं आलं. पाकीट आलं त्या संध्याकाळी सगळी मुलं, सुना, नातवंडं स्वयंपाकघरात गोळा केली आणि मग थेनने चष्मा पुसून वाचायला घेतलं. फिलिपीन्स, इलोइलो शहर, अठरा महिने. दुसऱ्या ओळीलाच त्याचा आवाज गेला. गारपिटीत टर्कीची हजार पिल्लं मेली तेव्हासुद्धा न रडलेला माणूस! तरुणपणी लढाईमुळे त्याचं मिशन राहिलं, ते इतकी वर्षं त्याने आत दाबून ठेवलं होतं. आता कॅसेट लावून तिकडचे शब्द घोकतो. टर्की विकून टाकल्या. उरलेल्या चारपाचांना 'सलामात', म्हणजे तिकडचं आभारी आहे, म्हणत दाणे टाकतो, आणि त्याही मान वर करून बघतात बिचाऱ्या.

मे महिन्यात निघायचं आहे. सगळं जमेल, फक्त आईचं काय ते उरलंय. नोरीन, तू येशील का? इथे, या घरात, अठरा महिने. तुझ्यावाचून कुणाला विचारू? राग मानू नकोस. उत्तर मात्र लवकर दे.

आहे तो लोभ असाच राहू दे.
तुझी,
व्हर्लाताई


चार्ल्सटन, ओरेगन
२ फेब्रुवारी १९८७

ती. व्हर्लाताईस नोरीनचा सा. न. वि. वि.

तुमचं दोघांचं अभिनंदन. थेन भावोजींना सांग, टर्कींना येतंय तेवढं तरी तिथे बोलता आलं पाहिजे.

तुझं पत्र मोटेलच्या धुलाईखोलीत वाचलं आणि इतकी मोठ्याने हसले की मालकीणबाई बघायला आल्या. ताई, अख्ख्या सॅनपीट खोऱ्यात आपले नातेवाईक रस्त्यावर पाय ठेवला की पायात येतात. तुझी पोटची दोन मुलं, दोन मुली तिथे आहेत. आणि आईसाठी तुला आठवले कोण, तर मी?

मी आपल्या चर्चच्या टेकडीवरच्या मंदिरात लग्न केलं नाही, एका कॅथलिक कोळ्याशी केलं, म्हणून आई म्हणाली होती की या मुलीने आपल्या घराची साखळी तोडली. पुढच्या जगात आपल्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी राहणार, आणि ती हिच्यामुळे. बत्तीस वर्षं झाली. लग्नाला ती आली नाही. मानुएलची होडी बुडाली, प्रेतही मिळालं नाही, तेव्हा तुझी गोधडी आली. आईकडून एक ओळ नाही. फोन केला तर तुझ्याकडे देते, जसा काही दूधवाला बोलतोय.

तू तिला विचारलंस का? की आधी मला गळाला लावून मग तिला सांगायचा बेत आहे?

कळावे. लोभ आहे, तो या पत्राने आटणार नाही, एवढं समज.
नोरीन


एफ्रेम
१५ फेब्रुवारी १९८७

चि. नोरीन हिस अ. उ. आ.

तुझं पत्र कपड्यांच्या कपाटात उभी राहून वाचलं. या घरात दार लावून घेता येईल अशी तेवढीच जागा आहे.

विचारलेलं नाही मी तिला. धीर झाला नाही. मुलींचं म्हणशील तर एकीला सहावं होणार आहे, दुसरीने जुलैत ॲरिझोनाला बिऱ्हाड हलवायचं ठरवलंय. मुलगे म्हणतात, आम्ही आहोतच. आहोतच म्हणजे रविवारी पाच मिनिटं, टोपी हातात घेऊन.

आता खरं लिहिते. थेन देवासाठी चाललाय, त्यात खोट नाही. माझं मला सांगता येत नाही. अकरा वर्षं मी आईला उठवते, धुते, भरवते. सूप गरम असलं तर तोंड पोळलं, कोमट असलं तर आजाऱ्याला हे देतात का! मी दमलेय, नोरीन. पण या खोऱ्यात दमले असं बाईने म्हणायची पद्धत नाही. मी मागच्या वर्षी बिशपना नुसतं म्हटलं की झोप होत नाही, तर चार घरून चार भांडी जेली आली आणि सगळ्याजणी म्हणाल्या, तुझ्यासारखी मुलगी मिळायला भाग्य लागतं. मग काय बोलणार? आता बोलावणं आल्यापासून त्याच बायका रस्त्यात थांबवून मिठी मारतात. म्हणतात, केवढा त्याग. मी मान खाली घालते. त्यांना वाटतं नम्रपणा आहे.

तुला हे लिहून माझं कसं होतंय ते मलाच माहीत. पण तू मला हसलीस तरी चालेल, दुसऱ्या कुणासमोर असं उघडं पडता येत नाही.

जीव लाव, लावतेस तसाच.
व्हर्लाताई


चार्ल्सटन
१ मार्च १९८७

ती. व्हर्लाताईस सा. न. वि. वि.

नाही हसले. दोन दिवस तुझ्यावर चिडले मात्र होते. घराबाहेर पडायचं होतं तर मी जशी पडले तशी पड ना, बॅग उचलून. तुला बाहेर पडायलाही चर्चचा सही-शिक्का लागतो! मग वाटलं, मी पडले तेव्हा आईला सांभाळायला तू होतीस. तू पडतेस तेव्हा मागे कुणीतरी हवंच.

येते मी. आईसाठी नाही, हे नीट वाच. तुझ्यासाठी येते.

माझी कॉफीची किटली माझ्याबरोबर येणार. तुमच्या चर्चला कॉफी चालत नाही, माहीत आहे. वास आला तर आईने खिडकी उघडावी. रविवारी मला कुणी सभेला ओढायचं नाही. शेजारच्या बायकांनी माझ्या आत्म्याची चौकशी करायला जेली घेऊन यायचं नाही. गोड पाव आणला तर बघू.

मालकीणबाईंना एप्रिलअखेर नोकरी सोडते म्हणून सांगितलं. मोटेलमागची माझी राहती खोलीही त्यांचीच, ती पण गेली. नवी मुलगी बघितली त्यांनी. मानुएलचे बूट अजून दाराशी असायचे, ते बंदरावर एकाला देऊन टाकले. भावोजींना प्रवासाच्या लसी टोचून घेतल्यावर ताप आला का? इतक्या मोठ्या माणसाला सुईची भीती वाटते हे मी गावभर सांगणार आहे.

आईला आता तरी सांग.

लोभ वाढला तर वाढू दे, मी अडवत नाही.
नोरीन


एफ्रेम
१९ एप्रिल १९८७

चि. नोरीन हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला तीनदा बसले. तू येतेस म्हटल्यावर मी तळघरातल्या बाटल्यांतली पीचेस तुझ्यासाठी वेगळी काढली, वरची खोली रंगवून घेतली. आईला सांगायचं आज उद्या करत राहिले. शेवटी मागच्या आठवड्यात जेवताना सांगितलं.

आईने चमचा खाली ठेवला. म्हणाली, तू देवाच्या कामाला निघालीस, मी आडवी येणार नाही, पण त्या मुलीच्या हातचं मी पाणी पिणार नाही. मी म्हटलं, आई, तुझीच मुलगी आहे. तर म्हणाली, असं तिला त्या वेळी वाटायला हवं होतं, आता त्यापेक्षा परक्यांत राहीन. थेनही समजावायला गेला, तर त्याला म्हणाली, तू बाबा तुझ्या टर्कींशी बोल.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच बिशपना फोन करायला लावला. गावातल्या वृद्धाश्रमात खिडकीजवळची जागा मिळाली आहे. तिने आपली पेटी आपल्या हाताने भरली. आणि मुलगी मिशनला जाते हे तिथल्या सगळ्यांना आधीच सांगून मोकळी झालीय.

मी तिला आणखी जोर करून सांगायला हवं होतं का? तू म्हणशील, हो. पण नोरीन, ती जागा मिळाली तेव्हा माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरलं, आणि मी गप्प बसले.

मालकीणबाईंना विचारून बघ, नोकरी परत देतील का. निरोपाची सभा दहा मेला आहे. नेमका तो मातृदिन निघाला. मी काय बोलणार आहे कोण जाणे.

रागावलीस तर रागाव, पण तोडू नकोस.
व्हर्लाताई


एफ्रेम
१३ मे १९८७

व्हर्लाताई,

पाकिटावरचा शिक्का नीट बघ. मी तुझ्याच गावातून लिहिते आहे.

मालकीणबाईंनी नोकरी परत दिली नाही. का द्यावी? नव्या मुलीला कामावर घेऊन बसल्या होत्या. म्हणून ठरल्या दिवसाच्या बसने निघाले, फक्त वाटेत आठवडाभर रीनोला मैत्रिणीकडे थांबले. तुमच्या निरोपाच्या सभेत मागच्या बाकावर बसायची हौस नव्हती. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी उतरले. तुझ्या थोरल्याने घराची किल्ली पुढे केली, मी घेतली नाही. बेकरीच्या वर खोली घेतली आहे. त्याने सांगितलं, तू व्यासपीठावर आईचे आभार मानलेस आणि सगळी सभा डोळे पुसत होती.

आईला भेटले. खिडकीशी बसली होती. मला लगेच ओळखलं, तिची नजर चांगली आहे. म्हणाली, बराच लांबचा प्रवास केलास, आता परत जायलाही तेवढाच लागेल. आणि तोंड खिडकीकडे केलं. मी थोडा वेळ बसले. दोघींनी मिळून एक मालट्रक मागे सरकताना बघितला.

मला दुसरं काय येतं? चादरी धुता येतात. वृद्धाश्रमाच्या धुलाईत बाई हवी होती, सोमवारपासून जाते आहे. आईच्या चादरी मीच धुणार. तिला सांगायचं नाही असं नर्सला बजावलंय. कळलं तर उघड्या गादीवर झोपेल.

तुमचा प्रवास नीट होवो. लोभाचं सध्या विचारू नकोस.
नोरीन


इलोइलो
२० जुलै १९८७

चि. नोरीन हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं, थेनने ते वाचलं. मग म्हणाला, आपण तिच्या जिवावर इथे आलो.

इथे उकाडा इतका की भिंतींनाही घाम येतो. थेन सायकलरिक्षातून जातो तेव्हा पोरं मागे धावतात. त्याचं 'सलामात' त्यांना कळतं, पुढचं काही कळत नाही. आमच्या शेजारी एक आजी आहे, सगळे तिला लोला म्हणतात. तिची सून बाजारात मासे विकते, म्हणून सकाळी मी तिला आंघोळ घालते. आंघोळ झाली की ती माझा गाल थोपटते आणि काहीतरी पुटपुटते. सून म्हणाली, ती तुम्हाला दुवा देते.

त्या दिवशी मी घरी येऊन रडले. एवढंच हवं होतं मला, नोरीन. अकरा वर्षांत एकदा. एवढं मिळालं असतं तर मी कुठेच गेले नसते.

मी इथे सुखात आहे. हे तुला लिहायची लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवू?

आई माझी आठवण काढते का? मला बरं वाटेल असं नको, खरं असेल ते लिही. आणि ती तुझ्याशी बोलली का, तेही.

तुझ्या दोन ओळींची वाट बघते.
व्हर्लाताई


एफ्रेम
२४ सप्टेंबर १९८७

ताई,

तार मिळाली असेल. खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते.

आई तुझी आठवण रोज काढायची. नर्सना, फरशी पुसणाऱ्याला, डॉक्टरला सांगायची, माझी मुलगी मिशनवर आहे. एकच मुलगी असल्यासारखी सांगायची. मी दुपारी काम संपलं की जाऊन बसायचे. ती बोलली नाही. पण जा असंही पुढे पुढे म्हणेना, म्हणून मी वेडी बसत राहिले. मला वाटायला लागलं होतं की हेच काय ते बोलणं.

शेवटच्या दुपारी तिचा श्वास अडकायला लागला. मी हात धरला, तो तिने काढून घेतला नाही. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. भान होतं, ताई, पूर्ण भान होतं. मग नर्सकडे वळून म्हणाली, घरचं कुणी असेल तर बोलवा.

नर्स बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बोलावते. आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. कुणाला बोलावणार होते? तुझे मुलगे शेतावर होते. परत आत गेले तर संपलं होतं.

आईला मंदिराचे पांढरे कपडे घालून पाठवायचं, ते तिला मंदिरात दीक्षा घेतलेल्या बायकांनीच घालायचे, तर मी दाराबाहेर बसले. वाईट वागलं नाही कुणी. उलट म्हाताऱ्या ऑलिव्ह अँडरसनबाई बाहेर आल्या, हातात कंगवा होता. म्हणाल्या, केसांचं बंधन काही नाही, पोरी, केस तू विंचर. मी म्हटलं, नको, घरचं कुणी असेल तर त्यांना सांगा.

त्या कंगवा धरून तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या.

अंत्यविधीला तुझं नाव तीनदा घेतलं. त्यागाबद्दल सगळे बोलले. तू यायची घाई करू नकोस, आता इथे कुणी नाही. लोलाला आंघोळ घाल, तिच्या दुवा घे, तुझ्या हक्काच्या आहेत त्या. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडा आहे, पण पूर्ण नाही.

मी उद्या समुद्राकडे परत जाते. कुठे राहीन ते ठरलं नाही, ठरलं की पत्ता कळवीन. ताई, तो कंगवा मी घ्यायला हवा होता. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू, आणि तू तर एवढ्या लांब.

तुझी,
नोरीन