सहा, बारा की वीस

ग्रिम्सबी, सोमवार दुपार

मित्रवर्य दिगंबरशास्त्री यांस त्र्यंबकाचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनानेच घातला आहे. देहाने घालायला गेलो तर डाव्या पोटरीत गोळा येतो, आणि प्रस्तुत पत्राचा विषय तोच आहे.) तुझी प्रकृती कशी आहे? वहिनींच्या खांद्याचे दुखणे उतरले का? तू निवृत्तीनंतरही शाळेत जाऊन सातवीच्या मुलांना विभक्ती शिकवतोस असे ऐकले. त्या मुलांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. तुझी तंबाखूची डबी अजून धोतराच्या कनवटीला असते, की वहिनींनी ती शेवटी विहिरीत टाकली? हे कुतूहलाने विचारतो आहे, उपदेश करायला नाही. उपदेश करण्याचा माझा अधिकार गेल्या दोन महिन्यांत पूर्णपणे नष्ट झाला आहे.

मूळ वार्ता अशी. माझ्या डाव्या पायाची शीर मांडीपासून खाली जवळजवळ बुजली आहे. थंडीत घरापासून धक्क्यावरच्या कारखान्यापर्यंत चालत जाताना मला तीनदा थांबावे लागे, आणि लोकांना संशय येऊ नये म्हणून मी थांबेन तिथल्या दुकानाच्या काचेत पाहत उभा राही. त्यातले एक दुकान शवपेट्यांचे आहे. तिथला मालक माझ्याकडे फार आशेने पाहू लागला, तेव्हा लॉरेनने (माझी बायको, तू तिला लग्नाच्या वेळी एकदाच पाहिलेस आणि तिच्याशी पंधरा मिनिटे बाणभट्टाच्या ओघाने इंग्रजी बोललास) मला ओढून डॉक्टरकडे नेले. पुढे ज्या शल्यविशारदांना मी एकटाच भेटलो, त्यांचे नाव ॲशक्रॉफ्ट. सडपातळ, सभ्य, आवाज असा की फाशीची शिक्षादेखील माणूस आभार मानून घेईल. ते म्हणाले, मांडीतून एक नवी वाट काढून देऊ. पण धूर चालू राहिला तर ती वाटही वर्षभरात बुजेल आणि मग गुडघ्याखाली कापण्यावाचून उपाय राहणार नाही. शस्त्रक्रियेआधी सलग अठ्ठावीस दिवस एकही सिगारेट नको. तसा दाखला धूम्रपान सोडवणाऱ्या बाईंनी दिला की तारीख पक्की. नाही दिला तर पुन्हा रांगेच्या शेवटी, म्हणजे शरद ऋतूत. शरदापर्यंत हा पाय थांबेल का, असे मी विचारले. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “ते सांगता येत नाही.” इतक्या सभ्यपणे म्हणाले की मी थँक्यू म्हणालो.

त्या बाईंचे नाव बेव्हर्ली. वय साठीकडे झुकलेले, चष्मा साखळीला लटकवलेला, आणि भेटेल त्याला ‘राजा’ म्हणण्याची सवय; पोस्टमनलाही आणि बहुधा बिशपलाही. तिने विचारले, “दिवसाला किती ओढतोस, राजा?” मी म्हणालो, दहा.

इथे थोडे विषयांतर आवश्यक आहे, कारण मी खोटे बोललो नाही. मी कारखान्याच्या परंपरेनुसार बोललो. मागच्या फाटकापाशी आमची धूम्रपानाची टपरी आहे, तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूने उत्तर समुद्र. तिथे सगळे सुटी तंबाखू कागदात वळून ओढतात. पाकिटातली सिगारेट ती सिगारेट. हाताने वळलेली ती नुसती ‘वळलेली’. ती बारीक असेल तर अर्धी मोजतात. विझून पुन्हा पेटवली तर तीच मोजतात. दुसऱ्याच्या पिशवीतून वळली तर ती त्याची, आपली नव्हे. आणि सकाळची पहिली कोणीच मोजत नाही, कारण तेव्हा माणूस पुरता जागा नसतो. या गणिताने आमचा डगी दिवसाला चार ओढतो, आणि आठवड्यात तंबाखूच्या तीन पिशव्या संपवतो. मी याच पाठशाळेचा विद्यार्थी. प्रत्यक्षात माझा आकडा तीस-पस्तिसाच्या घरात होता, हे मलाही पुढे कळले.

बेव्हर्लीने दहा लिहून घेतले आणि तिच्या तक्त्यात पाहून मला एक वाफेची नळी, म्हणजे ई-सिगारेट, आणि सहाचा रस दिला. (हा आकडा रसाच्या दर मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम निकोटिन आहे ते सांगतो. सहा सौम्य, बारा मध्यम, वीस जहाल. विसाच्या वर इथे कायद्याने मिळत नाही.) सहाचा अनुभव तुला कसा सांगू? भुकेल्या माणसाने शेजारच्या घरातल्या लग्नाच्या पंगतीचे वर्णन ऐकत बसावे, तसा. मी दिवसभर ती नळी चोखत राहिलो. दिवाणखान्यात इतकी वाफ साचली की लॉरेन दोनदा किटली बंद करायला धावली. “त्र्यंबक, तू दिसतोस तरी कुठे आहेस? खोकलास की समजेन,” ती म्हणाली. चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी टपरीत होतो आणि माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या कीथच्या पिशवीतून वळत होतो. (म्हणजे ती कीथची.) डगी म्हणाला, “सहा? अरे टेरी, सहाचं तर आमची म्हातारी केकात घालते.” टेरी म्हणजे मी. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी हजेरी घेणाऱ्याने माझ्या नावाकडे तीन वेळा पाहिले आणि तडजोड केली.

पुढच्या भेटीत बेव्हर्लीने मला एका यंत्रात फुंकायला लावले. श्वास पंधरा सेकंद कोंडायचा आणि हळूच सोडायचा. मग यंत्र छातीत किती धूर आहे ते आकड्यात सांगते. आपण पाठशाळेत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द अशी प्रमाणे घोकली. फुंकर हे प्रमाण कोणत्याही दर्शनात नाही, आणि त्यापुढे बाकीची सगळी फिकी पडतात. आकडा आला एकोणीस. बेव्हर्लीने चष्मा नाकावर चढवला. “राजा, हा आकडा दहावाल्याचा नाही. सोडलेल्याचा तर नाहीच नाही.” मी टपरीजवळून वारा येतो वगैरे काही बोललो. ती ऐकत राहिली, जसा तू माझी न केलेल्या पाठांतराची कारणे ऐकायचास.

तिथून मी शरमेने सरळ गेनॉरच्या नळ्या-रसांच्या दुकानात गेलो आणि वीस मागितला. सहाने भागत नाही, म्हणून वीस. मधला बारा मला दिसलाच नाही. तुझ्या लक्षात असेल, परीक्षेतही मी एक तर कोरी वही देत असे किंवा जादा पुरवण्या. गेनॉर काउंटरमागे आपला म्हातारा शिकारी कुत्रा मांडीवर घेऊन बसते. ती म्हणाली, “हा छोट्या नळीत घाल, टेरी. मोठ्या यंत्रात घातलास तर मला शिव्या द्यायला येऊ नकोस.” मोठे यंत्र डगीकडे होते, टॉर्चएवढे, आणि त्याने ते मला त्याच दिवशी प्रेमाने वापरायला दिले होते. त्यात तीनचा रस घालतात, कारण ते एका झुरक्यात तांब्याभर वाफ देते. मी अनुमान केले: रस जहाल, यंत्र मोठे, म्हणजे समाधान दुप्पट. व्याप्ती चुकली, हेतू चुकला, आणि मुहूर्त निवडला तो कीथच्या अंत्यविधीचा.

होय, कीथ गेला. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी हॅडॉक मासळीच्या पेट्या मोजता मोजता त्याचे हृदय बंद पडले. वय अठ्ठावन्न, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बावीस वर्षे मी त्याच्या शेजारी त्या टपरीत उभा राहिलो आणि फुटबॉलवरून भांडलो. दहनगृहाच्या वाहनतळावर मी यंत्राचे चार खोल झुरके घेतले, शोकाला आधार म्हणून. पहिल्या भजनापर्यंत उचकी लागली. दुसऱ्या भजनात तोंडाला पाणी सुटले, हातपाय गार पडले, आणि पाद्रीबाबांना दोन डोकी फुटली. कीथच्या सत्यप्रियतेचा गौरव चालू असताना मी तिसऱ्या रांगेत माझ्याच टोपीत ओकलो. टोपी लॉरेनने नाताळात दिली होती, शुद्ध लोकरीची. ती फार धरून ठेवत नाही.

आणि दिगू, जे पुढे झाले त्याने मी अजून शरमतो. कीथची बायको डोरीन पहिल्या रांगेतून उठली, शवपेटीला वळसा घालून माझ्याकडे आली, आणि तिने माझे कपाळ धरले, लहान मुलाचे धरतात तसे. “टेरी, पोरा, एवढा जीव होता तुझा त्याच्यावर? मला वाटायचं तुम्ही नुसते भांडता.” नंतर क्लबात हॅमची सँडविचे खाताना जो तो माझा हात हाती घेऊन दाबत होता. डगीने तेवढे कानाशी येऊन विचारले, “वीस घातलास ना त्यात? गाढवा.”

दुसऱ्या दिवशी मी बेव्हर्लीसमोर बसलो आणि सगळे सांगितले, टोपीसकट. ती हसली नाही. तिने पेन खाली ठेवले. “किती ओढतोस ते मरू दे. झोपेतून उठल्यावर पहिली किती मिनिटांनी पेटवतोस?” हा प्रश्न परंपरेत बसत नव्हता, म्हणून उत्तर खरे निघाले: चार मिनिटांनी. “मग तू विसाचाच माणूस आहेस, राजा. पण छोट्या नळीत, सावकाश, चहा पितात तसा. सकाळी वीस, दुपारनंतर बारा. आणि लागेल तेवढा घे. कमी घेऊन शौर्य दाखवणारे सगळे टपरीतच सापडतात.” इतके सोपे होते. पहिल्या सकाळी विसाचे तीन छोटे झुरके घेतले, आणि डोक्यातला तलफेचा कुत्रा, जो चाळीस वर्षे दार खरवडत होता, एकदम आडवा झाला. लॉरेनला मी दिसू लागलो. यंत्रातला आकडा दोनवर आला. बेव्हर्लीने तो कागदावर लिहून त्याभोवती हृदय काढले.

गेल्या शुक्रवारी, माझ्या बाविसाव्या दिवशी, डोरीन कारखान्यात कीथचे कपाट रिकामे करायला आली. त्यात गमबूट, दोन चष्मे आणि तंबाखूची अर्धी पिशवी निघाली. गेलेल्या माणसाची पिशवी इथे टाकत नाहीत आणि घरीही नेत नाहीत. टपरीत सगळ्यांनी मिळून ती शेवटच्या चिमटीपर्यंत संपवायची असते. वळायचे काम माझे, कारण माझा हात नेटका. (पार्थिव शिवलिंगे वळून वळून आलेले कौशल्य, पण हे तिथे कोणाला माहीत नाही.) मी अकरा जणांच्या वळल्या, डोरीनचीही, जी आयुष्यात ओढत नाही. बारावी माझी. ती मी कानामागे खोचली, नळी काढली आणि विसाचा एक झुरका घेतला. समुद्राकडून वारा येत होता, आणि डोरीन खोकत खोकत म्हणाली, “शी! यासाठी मेलास होय रे तू, कीथ?” सगळे हसले.

असो. आज माझा पंचविसावा दिवस. गुरुवारी बेव्हर्लीची शेवटची फुंकर, आणि त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी नऊला ॲशक्रॉफ्टसाहेब. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. लॉरेन विचारते की तुझ्याकडच्या मेतकुटात नेमके काय असते. मला आठवत नाही असे मी सांगितले आहे. सविस्तर लिहू नकोस, ती करील.

ता. क. २. वर पंचविसावा दिवस लिहिले आहे. तो तिसरा आहे. कानामागची ती मी ओढली. नळी खिशातच होती, विसाने भरलेली. तलफ नव्हती, एवढे तुला शपथेवर सांगतो. डोरीनने कीथचा लायटर पेटवून माझ्यापुढे धरला आणि वाऱ्यात ती दुसऱ्या हाताने ज्योत झाकत होती, म्हणून मी पुढे झुकलो. शेवटपर्यंत ओढली. दिगू, फार चांगली लागली.

ता. क. ३. यंत्र हे पकडणार नाही. छातीतला धूर एक-दोन दिवसांत निघून जातो. गुरुवारी आकडा दोनच येईल आणि बेव्हर्ली पुन्हा हृदय काढील. मी सांगितले तर तारीख जाण्याची भीती आहे, आणि पाय शरदापर्यंत थांबेल का ते कोणाला सांगता येत नाही. नाही सांगितले तर मंगळवारी ते साहेब मी दिलेल्या शब्दावर सुरी चालवतील. लॉरेनला यातले काही माहीत नाही. पाय कापण्याचा विषयही तिच्यापर्यंत मी पोचू दिलेला नाही, तिला वाटते शीर धुऊन काढणार आहेत. टपाल वेळेत पोचणार नाही म्हणून या पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतो आहे. बुधवारी, तुझी शाळा सुटली की, मला फोन कर. दोन्ही बाजू मांडू नकोस, त्या मी रोज मांडतो. तुला जे योग्य वाटेल ते मला हुकूम म्हणून सांग, पूर्वी पाठांतराला बसवायचास त्या आवाजात. आणि फोन लॉरेनने उचलला, तर तिला आधी बसायला सांग, मग बाकीचे.